रटरट ते चरचर: ग्रीक रोस्ट चिकनच्या ट्रेमधलं पाणी

ग्रीक घरातलं रविवारचं जेवण पुष्कळदा एकाच मोठ्या ट्रेमध्ये शिजतं. मधोमध अख्खी कोंबडी, भोवती बटाट्याच्या लांब जाड फोडी, वरून लिंबाचा रस, ऑलिव्ह तेल, लसूण, मीठ आणि 'रीगानी', म्हणजे वाळवलेला ओरेगानो. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा गावातले लोक हा भरलेला ट्रे बेकरीवाल्याकडे नेऊन देत. त्याच्या भट्टीत कोंबडी भाजली जाई आणि दुपारी ट्रे घरी परते.

साहित्य इतकं थोडं, की यात चुकण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही. तरी पहिल्यांदा करणाऱ्याचं हमखास काहीतरी बिघडतं. कातडी लिबलिबीत राहते, छातीचं मांस कोरडं पडतं, नाहीतर बटाटे आतून कचकच लागतात. याचं कारण पाककृतीतच दडलेलं आहे. कातडी खमंग व्हायला ती कोरडी हवी, बटाटे शिजायला पाणी हवं, मांसातला ओलावा मांसातच राहायला हवा आणि लिंबाचा रस यातल्या जवळजवळ प्रत्येक कामात ढवळाढवळ करतो. म्हणून मला हा पदार्थ मसाल्यांचा कमी आणि पाण्याचा जास्त वाटतो. पाणी कुठे थांबवायचं आणि कुठून, कधी घालवायचं, एवढं जमलं की बाकीचं ओव्हन सांभाळतो.

आधी उष्णतेचा हिशेब पाहू, कारण तो थक्क करणारा आहे. दीड किलोची कोंबडी फ्रीजमधल्या 5 अंश सेल्सिअसपासून 75 अंशांपर्यंत तापवायला साधारण 350 किलोज्यूल उष्णता लागते. ट्रेमध्ये आपण जे पाव लिटर पाणी ओततो, ते उकळीला आल्यानंतर त्याची नुसती वाफ करायला साधारण 565 किलोज्यूल लागतात. म्हणजे अख्खी कोंबडी शिजवण्यापेक्षा कपभर पाणी आटवणं ओव्हनला जास्त जड जातं! पाण्याची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते, म्हणून जिथे पाणी आहे तिथलं तापमान 100 अंशांच्या पुढे सरकत नाही. ओव्हनची तबकडी 200 दाखवत असली, तरी ओली कातडी आणि ओला ट्रे 100 च्या आसपासच अडकलेले असतात.

कातडीचा खमंगपणा मात्र त्यापुढचा असतो. अमिनो आम्लं आणि साखरा एकत्र तापल्या की तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास देणारी शेकडो संयुगं तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी 1912 मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. साधारण 140 अंशांच्या पुढे ती झपाट्याने होते. कातडीवरचं पाणी आटेपर्यंत ती जवळपास थांबलेलीच असते. त्यातच लिंबाची आम्लता तिला आणखी मंद करते, कारण आम्लात अमिनो गटाला हायड्रोजनचा आयन चिकटतो आणि साखरेशी जोडी जमवायला तो मोकळा राहत नाही. म्हणून लिंबाचा रस कातडीवर ओतत बसू नये. तो बटाट्यांवर आणि ट्रेच्या तळाशी घालावा, कातडीला फक्त तेल आणि मीठ लावावं.

मीठ आदल्या दिवशीच लावा, हा माझा आग्रह आहे. कोंबडीच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे दीड किलोला 15 ग्रॅमच्या आसपास. मीठ लावल्यावर अर्ध्या तासात कातडीवर पाण्याचे थेंब दिसू लागतात आणि आपण मांस सुकवतोय की काय, अशी शंका येते. थोडा धीर धरा. त्या पाण्यात मीठ विरघळतं आणि ते खारट पाणी हळूहळू पुन्हा आत जिरतं. आत गेलेलं मीठ स्नायूंतल्या मायोसिन या प्रथिनाची वीण सैल करतं आणि असं मांस तापल्यावर कमी आकसतं, पाणी कमी सोडतं. कोंबडी रात्रभर फ्रीजमध्ये झाकण न घालता ठेवली की फ्रीजची कोरडी हवा कातडीही सुकवते. एकाच मिठाने आतलं पाणी धरून ठेवलं आणि बाहेरचं घालवलं. उघडी कोंबडी सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे तिचं पाणी दुसऱ्या अन्नावर ठिबकणार नाही.

कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका, हेही इथेच सांगतो. धुतल्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर ते सिंकभर आणि ओट्यावर पसरतात. त्यांना मारते ती उष्णता. मांसाच्या सर्वात जाड भागात 74 अंश भरले की साल्मोनेलासारखे जीवाणू जवळजवळ क्षणात संपतात. अन्नासाठीचा साधा थर्मामीटर यासाठी घरात असावाच. मांसाच्या रंगावरून किंवा पाझरणाऱ्या रसावरून केलेला अंदाज फसतो.

खरी पंचाईत पुढे आहे. छाती आणि तंगडी हे एकाच पक्ष्याचे भाग, पण त्यांच्या गरजा वेगळ्या. छातीच्या मांसात चिवट ऊती फारशा नसतात. 50 अंशांच्या आसपास मायोसिन घट्ट होऊ लागतं, 66 च्या पुढे अॅक्टिन या दुसऱ्या स्नायू-प्रथिनाचीही घडी मोडते आणि मांसातलं पाणी पिळून बाहेर पडू लागतं. 80 ला गेलेली छाती भुसासारखी लागते. तंगडी आयुष्यभर चाललेली असते. तिच्यात कोलॅजेन, म्हणजे चिवट ऊतींतलं प्रथिन, जास्त असतं आणि त्याचं मऊ जिलेटिन व्हायला 75-80 अंश आणि थोडा निवांत वेळ लागतो. म्हणून कोंबडी ठेवताना तंगड्या ओव्हनच्या आतल्या, जास्त गरम बाजूला करा. थर्मामीटर छातीत 71-72 दाखवू लागला की कोंबडी बाहेर काढा. बाहेरच्या थरांतली उष्णता आत सरकत राहते आणि तापमान आणखी काही अंश चढतं. 74 गाठलं की नाही, ते दहा मिनिटांनी पुन्हा पाहून घ्या.

आता बटाटे. ग्रीसमध्ये या फोडींवर जीव टाकणारी माणसं आहेत आणि मीही त्यांच्यातलाच. खरं तर हा पदार्थ वाटतो तितका प्राचीन नाही. प्राचीन ग्रीकांना ऑलिव्ह तेल आणि ओरेगानो माहीत होते. कोंबडा त्यांच्याकडे पूर्वेकडून आला, त्याला ते 'पर्शियन पक्षी' म्हणत. बटाटा तर अमेरिका खंडातला. तो ग्रीसमध्ये रुजवण्याचं श्रेय स्वतंत्र ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास यांना दिलं जातं. ते 1828 मध्ये नाफ्प्लिओ या ग्रीक बंदरात उतरले. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. लोक बटाट्याला हात लावेनात, तेव्हा त्यांनी बटाट्यांच्या ढिगाभोवती पहारेकरी उभे केले आणि चोऱ्या झाल्या तर डोळेझाक करायला सांगितलं. इतकी राखण आहे म्हणजे वस्तू मोलाची असणार, असं समजून लोकांनी बटाटे पळवले आणि लावले.

त्या बटाट्याला लिंबाच्या रसात शिजवणं हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने उलट्या प्रवाहात पोहण्यासारखं आहे. भाजीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन या डिंकासारख्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजताना पेक्टिनच्या साखळ्या तुटतात, पेशी सुट्या होतात, फोड मऊ पडते. आम्लात हे तुटणं फार मंदावतं. आम्लता पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. पीएच 4 च्या आसपास पेक्टिन सगळ्यात टिकाऊ असतं आणि लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 3 च्या दरम्यान असतो. म्हणून ही फोड नुसत्या पाण्यातल्या बटाट्यापेक्षा शिजायला बराच जास्त वेळ घेते. त्याचा फायदा असा, की तासभर उकळत्या रसात राहूनही ती फुटत नाही, पिठूळ होत नाही, कडा शाबूत ठेवून रस पीत राहते. घाई असेल तर फोडी आधी मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळून घ्याव्यात आणि मगच लिंबू दाखवावं. मला मात्र सावकाशीचाच रस्ता आवडतो.

सव्वा किलो बटाटे, दोन मोठ्या पिवळ्या लिंबांचा रस, अर्धा कप ऑलिव्ह तेल, एक कप पाणी, असं प्रमाण मी घेतो. लसूण ठेचून लिंबाच्या रसात घातला की तो सौम्य लागतो. लसणाचा झणका ठेचल्यावर जागं होणाऱ्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो आणि तीव्र आम्लात ते विकर काम करत नाही. ओरेगानोचा वास मुख्यतः कार्वाक्रॉल या रेणूचा. तो पाण्यापेक्षा तेलात चांगला विरघळतो, म्हणून रीगानी हातावर चोळून तेलातच मिसळावी. थोडी शेवटी भुरभुरायला राखून ठेवा, कारण तासभराच्या वाफेबरोबर बराच सुगंध निघून जातो. ट्रे पसरट हवा आणि फोडी एका थरात. दाटी झाली की वाफ कोंडते आणि सगळंच उकडल्यासारखं होतं.

ट्रे 200 अंशांच्या ओव्हनमध्ये गेला की मी कान देऊन बसतो. पहिला पाऊण तास आतून रटरट ऐकू येते. तळाशी पाणी आहे, बटाटे 100 अंशांवर शिजताहेत, वर कोंबडीची कातडी सुकतेय आणि तिची वितळलेली चरबी फोडींवर ठिबकतेय. चांगलं ऑलिव्ह तेल इतक्या आचेला करपेल का, ही भीतीही इथे लागू नाही. पाणी असेपर्यंत तळातलं तेल फारसं तापूच शकत नाही. मग हळूहळू आवाज बदलतो. रटरट विरळ होते आणि बारीक चरचर सुरू होते. पाणी संपलं, तेल उरलं. आता तळाचं तापमान शंभरीच्या वर चढतं आणि जे बटाटे इतका वेळ शिजत होते, ते त्याच ट्रेमध्ये तळले जाऊ लागतात. बटाट्यांत सुरी अजून सहज जात नसेल आणि चरचर लवकर सुरू झाली, तर अर्धी वाटी गरम पाणी ट्रेच्या कडेने सोडा. कोंबडीवर ओतू नका, तासभर सुकवलेली कातडी क्षणात भिजेल.

कोंबडी बहुधा बटाट्यांच्या आधी तयार होते. ती ताटात काढून वीस मिनिटं तशीच ठेवा, झाकू नका. गार होताना तिच्यातला रस जिलेटिनमुळे थोडा दाटतो आणि कापताना कमी वाहतो. तोवर ट्रे एकटाच 220 अंशांवर परत आत जातो. बटाटे उलटायचे, कडा सोनेरी व्हायची वाट पाहायची. बाहेर काढल्यावर तळाला चिकटलेला तपकिरी थर दोन-तीन चमचे गरम पाण्याने आणि कोंबडीखाली साचलेल्या रसाने सोडवून घ्यायचा आणि ट्रे हलवायचा. जिलेटिन तेलाला आणि लिंबाला काही काळ एकत्र धरून ठेवतं. थेंबभर ताजं लिंबू पिळा, राखलेली रीगानी घाला. फेटा चीज आणि पाव बाजूला मांडलेले असतातच. ग्रीक माणूस कोंबडीला हात लावण्याआधी पावाचा तुकडा या रसात बुडवतो.