वांजिकूची 'कतीबा': केनियातली निष्ठा राष्ट्राध्यक्षाकडून घटनेकडे कशी आली

१९८०च्या दशकात केनियातल्या शाळांत मुलं झेंड्यासमोर उभी राहून निष्ठेची प्रतिज्ञा म्हणत. तिच्या पहिल्याच ओळीत निष्ठा वाहिली जाई ती राष्ट्राध्यक्षाला आणि केनिया राष्ट्राला. आधी राष्ट्राध्यक्ष, मग राष्ट्र. शेवटी 'न्यायो' तत्त्वज्ञानाचा उल्लेख येई. मराठी कानाला या शब्दात न्याय ऐकू येतो, पण स्वाहिलीत न्यायो म्हणजे पाऊलखुणा. १९७८ साली डॅनियल अराप मोई सत्तेवर आले तेव्हा आपण आधीचे राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांच्या पावलांवर पाऊल ठेवून चालणार, असं त्यांनी सांगितलं. पुढे अख्ख्या देशाने मोईंच्या पावलांवर पाऊल ठेवावं, असा त्याचा अर्थ होत गेला. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीच्या पानावर छापलेल्या प्रतिज्ञेत कुठलाच सत्ताधारी नाही, याचं महत्त्व केनियाची ती प्रतिज्ञा वाचल्यावर नव्याने जाणवतं.

२०१० साली केनियाने नवी राज्यघटना स्वीकारली. तिचं कलम ३ सांगतं की या घटनेचा आदर करणं, ती पाळणं आणि तिचं रक्षण करणं हे प्रत्येक व्यक्तीचं कर्तव्य आहे. निष्ठेचं ठिकाण बदललं. जून २०२४ मध्ये नैरोबीच्या रस्त्यांवर उतरलेली तरुण मुलं 'आम्हाला जमात नाही, नेता नाही, पक्ष नाही' असं म्हणत होती आणि पोलिसांना घटनेचं कलम ३७, म्हणजे शांततेने निदर्शनं करण्याचा हक्क, ऐकवत होती. ही भाषा समाजमाध्यमांनी एका रात्रीत शिकवलेली नाही. तिची किंमत आधीच्या दोन पिढ्यांनी मोजली आहे.

जमातीचं राजकारण हा आफ्रिकेचा स्वभावच आहे, असं सहज बोललं जातं. ते खरं नाही. ब्रिटिशांनी केनियाचे जिल्हे जमातीजमातींनुसार आखले. त्यांच्या राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ उठावाच्या काळात देशव्यापी राजकीय संघटनांवर बंदी घातली आणि १९५५ पासून परवानगी दिली ती फक्त जिल्हा पातळीवरच्या पक्षांना. म्हणजे राजकारण करायचं तर आपल्याच भाषेच्या, आपल्याच लोकांत करायचं. त्यात जमिनीचा प्रश्न मिसळला. गोऱ्यांनी बळकावलेल्या रिफ्ट व्हॅलीतल्या सुपीक जमिनी स्वातंत्र्यानंतर विकत घेऊन वाटल्या गेल्या, तेव्हा तिथे मोठ्या संख्येने किकुयू कुटुंबं वसली. कालेंजिन आणि मासाई लोक त्या जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क सांगत होते. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत ही ठिणगी फुंकायला कुणी ना कुणी तयार असे.

१२ डिसेंबर १९६३ला मिळालेल्या स्वातंत्र्याबरोबर प्रांतांना अधिकार देणारी घटना आली होती. वर्षभरात विरोधी पक्ष सत्ताधारी 'कानू'त विलीन झाला आणि प्रांतांचे अधिकार गेले. १९६६ साली उपराष्ट्राध्यक्षपद सोडून ओगिंगा ओडिंगांनी वेगळा पक्ष काढला, तर पक्ष सोडणाऱ्या खासदाराने पुन्हा निवडून आलं पाहिजे अशी दुरुस्ती घाईघाईने करण्यात आली. त्याच वर्षी खटल्याविना स्थानबद्धतेचा कायदा आला. १९६९ साली तो पक्षही बंद केला गेला. घटना जागच्या जागी होती. राज्यकर्त्याला अडचण आली की ती बदलायची, एवढंच तिचं काम उरलं होतं.

या काळातलं एक नाव गोव्याशी जोडलेलं आहे. पिओ गामा पिंटो यांचा जन्म १९२७चा, नैरोबीतला, गोवेकर कुटुंबातला. शिक्षण भारतात झालं, मुंबईत ते कामगार चळवळीत आणि गोवामुक्तीच्या कामात होते. केनियात परतल्यावर ब्रिटिशांनी त्यांना काही वर्षं स्थानबद्ध ठेवलं. स्वातंत्र्यानंतर ते खासदार झाले आणि भूमिहीनांच्या बाजूने स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला अवघड प्रश्न विचारू लागले. २४ फेब्रुवारी १९६५ला सकाळी घराच्या फाटकापाशी त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडण्यात आल्या. मागच्या सीटवर त्यांची लहान मुलगी होती. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या मानली जाते. किकुयू, लुओ, कालेंजिन अशी गणितं मांडली जात असलेल्या देशात एका गोवेकराने ज्यांच्यासाठी जीव दिला ते कुठल्याच एका जमातीचे नव्हते. आपल्याकडे हे नाव फार कमी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

१९८२ साली घटनेत कलम २अ घातलं गेलं आणि देश कायद्यानेच एकपक्षीय झाला. १९८८ची कानूची प्राथमिक निवडणूक तर गुप्त मतदानाशिवायच झाली. स्वाहिलीत तिला 'म्लोलोंगो' म्हणतात, म्हणजे रांग. आपल्या उमेदवाराचा फोटो धरलेल्या माणसामागे मतदारांनी उघड्यावर रांगेत उभं राहायचं. ७० टक्क्यांहून जास्त लोक ज्याच्या मागे, तो बिनविरोध. डोळ्यांसमोर एक रांग लांबलचक, दुसरी आखूड, आणि अधिकारी आखूड रांगेच्या उमेदवाराला विजयी घोषित करतो, असे प्रकार ठिकठिकाणी घडले. मत कुणाला दिलं हे शेजाऱ्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना दिसत होतं, आणि ते चोरलं गेलं हेही.

पक्ष काढता येत नाही, वर्तमानपत्रं दबलेली, न्यायाधीशांच्या कार्यकाळाचं संरक्षण त्याच वर्षी काढून घेतलेलं. मग बोलायचं कुणी? बोलल्या त्या चर्चच्या व्यासपीठांवरून धर्मगुरू, वकिलांची संघटना आणि झाडं लावणाऱ्या बायका. वांगारी मथाई यांची ग्रीन बेल्ट चळवळ १९७७ची. १९८९ साली नैरोबीच्या मध्यभागी असलेल्या उहुरू पार्कमध्ये सत्ताधारी पक्षाची ६० मजली इमारत आणि मोईंचा प्रचंड पुतळा उभा करायचं ठरलं. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. मथाईंनी पत्रांवर पत्रं लिहिली, संसदेत त्यांची टिंगल झाली, पण परदेशी पैसा मागे हटला आणि मैदान वाचलं.

त्याच मैदानात २८ फेब्रुवारी १९९२ला राजकीय कैद्यांच्या आया येऊन बसल्या. बहुतेक जणी खेड्यांतल्या, वयाने उतरलेल्या. मुलं सुटेपर्यंत उपोषण, एवढीच त्यांची मागणी. लोक येऊन आपल्यावर झालेल्या छळाच्या हकिगती पहिल्यांदाच मोठ्याने सांगू लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी पोलीस अश्रुधूर आणि दंडुके घेऊन आले. तेव्हा काही म्हाताऱ्यांनी अंगावरचे कपडे काढून टाकले. मुलाच्या वयाच्या पुरुषाने आईला उघडं पाहणं हा तिथे भयंकर शाप समजला जातो. पोलिसांनी माना फिरवल्या. मथाई बेशुद्ध पडल्या होत्या. आया जवळच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये गेल्या आणि जवळपास वर्षभर तिथेच राहिल्या. अखेर बहुतेकांची मुलं सुटली.

दरम्यान ७ जुलै १९९०ची 'साबा साबा' सभा पोलिसांनी मोडून काढली होती (साबा म्हणजे सात), आणि डिसेंबर १९९१ मध्ये अंतर्गत दबाव व मदत रोखणारे देश यांच्यापुढे नमून मोईंनी कलम २अ मागे घेतलं. पण विरोधक जमातींप्रमाणे फुटले. १९९२ साली मोई सुमारे ३६ टक्के मतांवर पुन्हा निवडून आले. माणूस बदलून भागणार नाही, घटनाच बदलली पाहिजे, हे चळवळीतल्या लोकांना इथे पटलं.

त्यावर मोईंनी विचारलं की वांजिकूला राज्यघटनेतलं काय कळतं. वांजिकू हे किकुयू बाईचं अगदी घराघरातलं नाव. आंदोलकांनी ते उचललं, आणि 'वांजिकूची कतीबा' हीच मागणी झाली. कतीबा म्हणजे राज्यघटना. ती लिहिणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते यश घई, भारतीय वंशाचे केनियन कायदेतज्ज्ञ. धर्मसंस्थांनी चालवलेली समांतर प्रक्रिया आणि सरकारी प्रक्रिया एकत्र आल्याशिवाय शपथ घ्यायची नाही, हा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

इथून पुढची गोष्ट सरळ नाही. २००२ साली मोई सत्तेवरून गेले, म्वाई किबाकी राष्ट्राध्यक्ष झाले आणि चळवळीतली बरीच माणसं सरकारात गेली. २००५च्या सार्वमतात सरकारने मोडतोड केलेला मसुदा ५८ टक्के लोकांनी नाकारला. मतपत्रिकेवर 'हो'साठी केळं आणि 'नाही'साठी संत्रं होतं. पुढे या संत्र्याच्याच नावाने पक्ष निघाला. डिसेंबर २००७च्या वादग्रस्त निकालानंतर हिंसाचारात ११००हून अधिक माणसं मेली. एल्डोरेटजवळ कियाम्बा इथे चर्चमध्ये आसरा घेतलेल्या बायकामुलांना जाळलं गेलं. आडनाव विचारून माणसं मारली जात होती, आणि त्या दिवसांत नागरी संघटनाही आपापल्या जमातीच्या बाजूने विभागल्या गेल्या. पंधरा वर्षं एकत्र लाठ्या खाल्लेली माणसं एकमेकांवर संशय घेऊ लागली. मला हा या इतिहासातला सगळ्यात वेदनेचा भाग वाटतो.

त्या धक्क्यातूनच ४ ऑगस्ट २०१०चं सार्वमत झालं. सुमारे ६७ टक्के लोकांनी घटनेला होकार दिला आणि २७ ऑगस्टला ती लागू झाली, त्याच उहुरू पार्कमध्ये. राष्ट्राध्यक्ष व्हायला निम्म्याहून जास्त मतं तर हवीतच, शिवाय ४७ पैकी किमान २४ काउंटींत (जिल्ह्यांसारख्या विभागांत) २५ टक्के मतं हवीत, म्हणजे एकाच जमातीच्या जोरावर कुणी निवडून येऊ नये. मोईंच्या काळात स्थानबद्ध राहिलेले विली मुटुंगा २०११ साली सरन्यायाधीश झाले. १ सप्टेंबर २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाची निवडच रद्द केली. आफ्रिकेत हे पहिल्यांदाच घडत होतं.

भारताशी असलेला धागा इथे पुन्हा दिसतो. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात नानी पालखीवालांनी मांडलेला आणि न्यायालयाने ७ विरुद्ध ६ मतांनी मान्य केलेला मूलभूत चौकटीचा सिद्धान्त, म्हणजे घटनेच्या गाभ्याला दुरुस्तीनेही धक्का लावता येत नाही हा विचार, नैरोबीच्या उच्च न्यायालयात २००४ मध्येच पोचला होता. तिथे तो खटला दाखल करणारे टिमोथी न्जोया म्हणजे १९९७ साली कॅथीड्रलच्या आवारात पोलिसांनी झोडपलेले धर्मगुरू. २०२१ साली राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा (जोमोंचे पुत्र) आणि विरोधी नेते रायला ओडिंगा (ओगिंगांचे पुत्र) यांनी मिळून आणलेला घटनादुरुस्तीचा मोठा घाट पाच न्यायाधीशांनी याच सिद्धान्ताच्या आधारे उधळला. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सिद्धान्त केनियाला लागू नाही असं म्हटलं, पण लोकांच्या पुढाकाराची दुरुस्ती राष्ट्राध्यक्ष स्वतः सुरू करू शकत नाही, हे कायम ठेवलं.

२०२४च्या वित्त विधेयकात रोजच्या गरजेच्या वस्तूंवर कर होते. २५ जूनला आंदोलक संसदेत घुसले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयकावर सही करायला नकार दिला. केनियाच्या मानवी हक्क आयोगाच्या नोंदीनुसार त्या आंदोलनात सुमारे ६० जण गेले. काही आठवड्यांतच ओडिंगांच्या पक्षाची माणसं मंत्रिमंडळात घेऊन सरकारने स्वतःला सावरलं. १९६४ पासून चालत आलेला हाच मार्ग. आंदोलनाला मात्र विकत घ्यायला कुणी नेता नव्हता. ७ जुलैला, साबा साबाच्या दिवशी, मुलांनी मेलेल्यांच्या आठवणीत गाण्यांची सभा भरवली. जागा होती उहुरू पार्क.