कॅम्प्टोथेसिन

कॅम्प्टोथेसिन हे काही झाडांच्या सालीत व लाकडात सापडणारे पाच वलयांचे अल्कलॉइड (नायट्रोजनयुक्त वनस्पतिजन्य द्रव्य) आहे; कर्करोगावरील काही औषधे त्यापासूनच आली. चीनमधील ‘शी शू’ या झाडापासून ते मनरो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना येथे वेगळे केले. रचना १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. वाणी मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. याच जोडीच्या टॅक्सॉल या दुसऱ्या कर्करोगविरोधी द्रव्याचा (१९७१) पुढे इतका बोलबाला झाला, की हे आधीचे काम काहीसे झाकोळले.

पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते. त्या वेळी पडणारे पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-१ हे एंझाइम एक धागा कापते, पीळ सुटला की पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी अडकून बसते. नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन धडकते, दुसरा धागाही तुटतो आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्यांना फटका जास्त. मात्र अस्थिमज्जेलाही तो चुकत नाही.

ही क्रिया १९८५ मध्ये उलगडली. तोवर औषध एकदा बादही झाले होते. मूळ पदार्थ पाण्यात विरघळत नाही, म्हणून १९७० च्या सुमारास रुग्णांवरील चाचण्यांत त्याचे सोडियम लवण वापरले गेले. ते विरघळले खरे, पण त्यात पाचवे, म्हणजे लॅक्टोन वलय उघडते, आणि गुण तर त्याच वलयात! आम्लयुक्त मूत्रात ते पुन्हा मिटते. परिणामी अर्बुदाला (कर्करोगाच्या गाठीला) औषध नीट पोचेना आणि मूत्राशयातून मात्र रक्त येऊ लागले. चाचण्या थांबल्या. पुढे वलय शाबूत ठेवून विद्राव्य केलेली दोन रूपे आली: अंडाशयाच्या कर्करोगासाठी टोपोटेकान व मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी इरिनोटेकान. अमेरिकेत दोन्हींना १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात हेच द्रव्य असल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवले. फुलांच्या दुर्गंधीमुळे नाव नरक्या; काही ठिकाणी याच झाडाला अमृता म्हणतात, हे विशेष. लाकडात द्रव्याचे प्रमाण एक टक्काही नसते, त्यामुळे थोड्या मालासाठी झाडेच्या झाडे तोडली जातात. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांतून नरक्याची चोरटी तोड होत आली आहे.