तार, वात आणि कोरडा झुरका: व्हेपच्या कॉइलमागची गोष्ट

व्हेप म्हणजे ई-सिगारेट: टँकमधला, म्हणजे टाकीतला, द्रव वात ओढून घेते आणि कॉइल, म्हणजे तापणाऱ्या तारेची गुंडाळी, त्याची वाफ करते. टँकमधून अचानक घसा चिरणारा, जळक्या कापसाच्या चवीचा झुरका आला की वापरणारा पहिला संशय कॉइलवर घेतो. व्हेपवाल्यांच्या भाषेत हा ‘ड्राय हिट’. त्यापाठोपाठ दुसरी शंका येते: या तारेतला धातू छातीत तर जात नाही ना? दोन्ही शंका एकाच वेळी डोक्यात येतात म्हणून त्यांचं उत्तरही एकच धरलं जातं. प्रत्यक्षात कोरडेपणाचं कारण बहुतेक वेळा वातीत असतं. धातूचं कारण कधी तारेत असतं, तर कधी जिकडे कुणी पाहत नाही अशा सांध्यांत आणि जोडभागांत.

तारेपासून सुरुवात करू, कारण ती व्हेपपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे. अमेरिकी धातुतज्ज्ञ अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. साधारण ८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम. तीच नायक्रोम. लालबुंद होऊनही ती लवकर जळत नाही, म्हणून टोस्टर, हीटर, इस्त्री अशा घरगुती वस्तू तिच्यावर उभ्या राहिल्या. पुढे स्वीडनमधल्या हाल्स्टाहामर इथे हान्स फॉन कान्त्सोव यांनी लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू आणला. त्याचं नाव कान्थल. तापल्यावर तिच्या अंगावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ, चिवट थर धरतो आणि आतला धातू त्यामुळे राखला जातो. भट्ट्यांसाठी ही तार उत्तम. पण दोन्ही तारा हवेत तापण्यासाठी घडवलेल्या होत्या. गोड, चिकट द्रवात बुडवून त्यांची वाफ श्वासात घ्यायची, हा विचार त्यांच्या जन्मदात्यांसमोर असण्याचं कारणच नव्हतं.

तंबाखू न जाळता झुरका देणाऱ्या यंत्राचं पेटंट पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ मध्ये मिळालं होतं, पण ते बाजारात रुजलं नाही. आजची ई-सिगारेट सुरू होते ती चीनमधले औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांच्यापासून. २००३ च्या सुमाराच्या त्यांच्या पहिल्या रचनेत तापणारी तार मुख्य नव्हतीच. अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी द्रवाचे तुषार करायचे, अशी कल्पना होती. धंदा वाढला तशी ती मागे पडली आणि स्वस्त, सोपी तापती तार पुढे आली. चीनमधल्या शेन्झेनच्या कारखान्यांना ही तार वेटाळणं अवघड नव्हतं. एका अर्थी धातूचा सगळा प्रश्न या निवडीतून आला.

सुरुवातीच्या नळकांड्यांत द्रव स्पंजासारख्या तंतूंत मुरवलेला असे. नंतर पारदर्शक टाकी आली. तार वर, आणि तिच्यातून काचतंतूच्या म्हणजे सिलिकाच्या लांब वाती खाली द्रवात सोडलेल्या. द्रव अर्ध्यावर आला की वात वर ओढू शकत नसे आणि माणूस टँक उलटासुलटा करत बसे. समईत तेल सरलं की वातच जळू लागते, तसंच इथे होतं. म्हणून कॉइल टाकीच्या तळाशी आणली गेली, सिलिकाच्या जागी कापूस आला. हौशी मंडळींनी तर पोलादाची बारीक जाळी गुंडाळून तिचीच वात केली. त्यात ती जाळी आधी आगीवर धरून तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवावा लागे, नाहीतर तार आणि जाळी यांच्यात शॉर्ट होई.

या सगळ्यामागचं भौतिकशास्त्र साधं आहे. द्रवाच्या दोन मुख्य घटकांपैकी प्रॉपिलीन ग्लायकॉल साधारण १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० अंशांना. तार ओली आहे तोवर तिची उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान या पट्ट्याच्या फार वर जात नाही. द्रव संपला की खर्च थांबतो आणि तीच वीज तारेला काही क्षणांत शेकडो अंश वर नेते. कापूस करपतो, ग्लिसरीन फुटून ॲक्रोलीन तयार होतं. कढईत तेल जास्त तापल्यावर डोळ्यांत झोंबणाऱ्या धुरात असतं तेच.

तारेचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात; तो जितका कमी तितकी तार जास्त वीज ओढते. जुन्या १.८ ते २.४ ओहमच्या कॉइलवर ३.७ व्होल्टची बॅटरी सहा-आठ वॅट देई. मग मोठ्या धुराची हौस आली आणि रोध अर्ध्या ओहमच्या खाली घसरला. पूर्ण चार्ज झालेल्या ४.२ व्होल्टच्या बॅटरीवर ०.२ ओहमची कॉइल लावली की गणित ८८ वॅटवर जातं. तेवढ्या वेगाने द्रव पुरवणं कुठल्याही कापसाला जड. त्यातच धूर दाट यावा म्हणून द्रवात ग्लिसरीनचं प्रमाण वाढलं, आणि ग्लिसरीन घट्ट असल्याने वातीतून सावकाश सरकतं.

२०१५ मध्ये यावर एक गाजलेला वाद झाला. जानेवारीत पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी जास्त व्होल्टेजवर फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं तयार होतात असं दाखवलं, ३.३ व्होल्टला ती आढळली नव्हती, ५ व्होल्टला आढळली. टीकाकार म्हणाले, त्या सेटिंगवर कुणी जिवंत माणूस झुरका घेणारच नाही, चवच सहन होणार नाही. त्याच वर्षी ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांच्या गटाने दोन सारखे ॲटोमायझर (तार आणि वात असलेला वाफ करणारा भाग) घेतले. फरक वातीचा: एकाला एकेरी, दुसऱ्याला दुहेरी. ९ आणि १० वॅटला एकेरी वातीवर अनुभवी वापरकर्त्यांनी ड्राय हिट ओळखला, दुहेरी वातीवर कुठल्याच पातळीला नाही. कोरड्या झुरक्यात अल्डिहाइडची (फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलीन याच गटातले) पातळी ३० ते २५० पट वाढली होती. मला या प्रयोगातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती वात. तार तीच, वॅट तेच, पुरवठा तेवढा बदलला. मात्र ‘चव वाईट लागते म्हणून कुणी ओढणार नाही’ हा दिलासा मला अर्धाच पटतो, कारण पूर्ण कोरडं होण्याआधीचा अर्धा कोरडा टप्पाही असतो आणि गोड चवी तो झाकतात.

यंत्राने उपाय काढला तो तापमान नियंत्रणाचा. २०१४ मध्ये ओहायोच्या इव्हॉल्व्ह कंपनीची डीएनए ४० चिप आली. तार तापली की तिचा रोध वाढतो. चिप तो मोजते आणि मर्यादा गाठली की वीज कापते. अडचण अशी की कान्थलचा रोध तापमानाबरोबर जवळजवळ हलत नाही. भट्टीसाठी तोच तिचा गुण. मग शुद्ध निकेलची तार आली. खोलीच्या तापमानाला ०.१० ओहम असलेली निकेलची कॉइल २२० अंशांना ०.२० च्या पुढे जाते, म्हणजे मोजायला सोपी. गंमत पहा: कोरड्या झुरक्यापासून वाचायला लोकांनी जी तार पत्करली, ती ज्या धातूची त्वचेला ॲलर्जी होणं अगदी सर्वसामान्य आहे, त्याच धातूची होती. निकेलची संयुगं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला निश्चित कर्करोगकारक मानलेली आहेत. पाठोपाठ टायटॅनियम आलं, तर लाल करून जाळल्यावर सुटणाऱ्या पांढऱ्या ऑक्साइडची भीती निघाली. शेवटी बरेच जण ३१६ एल स्टेनलेस स्टीलवर स्थिरावले. त्यातही निकेल आणि क्रोमियम आहेतच.

आता सांध्यांकडे. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेने कार्टोमायझर (तार आणि द्रव एकत्र असलेली नळकांडी) उघडून पाहिले. नायक्रोमची तार चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेला कथलाच्या डागाने जोडलेली होती, आणि वाफेत कथील, चांदी, निकेल, सिलिकेटचे कण सापडले. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने रोज व्हेप करणाऱ्या ५६ जणांची स्वतःची उपकरणं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू किरकोळ होते, वाफेत मात्र शिशाचं मध्यक प्रमाण बाटलीच्या २५ पटींहून अधिक भरलं. नायक्रोम किंवा कान्थल यांच्या पाककृतीत शिसं नसतंच. कॉइल वारंवार बदलणाऱ्यांच्या वाफेत धातू जास्त दिसले, हेही त्यातच नोंदलं गेलं. ‘नवी कॉइल म्हणजे स्वच्छ कॉइल’ या समजुतीला ते धक्का देणारं होतं.

म्हणून ड्राय हिटची तपासणी करताना क्रम वातीपासून लावणं शहाणपणाचं. नव्या कॉइलच्या कापसावर द्रवाचे थेंब टाकून पाच-दहा मिनिटं थांबलं होतं का? टाकीत पातळी कॉइलच्या छिद्रांच्या वर आहे का? कॉइलवर छापलेल्या वॅटच्या मर्यादेत आहे का? लहान छिद्रांच्या कॉइलला जास्त ग्लिसरीनचा घट्ट द्रव दिला असेल तर तो आत शिरणारच नाही. सलग झुरक्यांनी वात रिकामी होते. टाकीत बुडबुडे वर येत नसतील तर हवेचा मार्ग कोंडलेला असू शकतो आणि द्रव खाली उतरत नाही. एवढं सगळं ठीक असेल तर बहुधा सुक्रालोजसारख्या गोडव्याचा काळा थर तारेवर बसलेला असतो. तो घालवायला कोरडी तार लाल करून जाळण्याची जुनी सवय मात्र सोडलेली बरी, कारण तेवढ्या तापात तारेचा पृष्ठभागच बदलतो. आणि एकदा करपलेला कापूस पुन्हा ओला करून सुधारत नाही.

२०१९ च्या अमेरिकेतल्या फुफ्फुसविकाराच्या साथीचं खापर अनेकांनी कॉइलवर फोडलं होतं. तिचा प्रमुख धागा मात्र गांजायुक्त द्रवाच्या कार्ट्रिजमधल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटकडे गेला. तो विषय वेगळा.

त्याच वर्षी १८ सप्टेंबरला भारतात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात बंद. साठवण वगळता पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे मुंबई-पुण्यात चोरून जे विकलं जातं, त्यातली तार कुठली आणि सांधे कशाचे, हे सांगणारं अधिकृत लेबल नाही. शिवाय हा माल बहुतांशी डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायचा, असतो. टाकी भरायची नाही, कॉइल बदलायची नाही, वर दिलेल्या तपासणीतलं जवळपास काहीच करता येत नाही.

या डिस्पोजेबलांवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेचा अभ्यास २०२५ मध्ये आला. काही उपकरणांत तापणाऱ्या तारेतून क्रोमियम आणि निकेल द्रवात उतरत होते आणि झुरक्यांगणिक वाढत होते. काहींत मात्र तार तापण्याआधीच द्रवात शिसं होतं. ते आलं होतं न तापणाऱ्या, शिसेमिश्रित कांस्याच्या जोडभागांतून.