गेमिंगा : पत्ता लागायला वीस वर्षे

दुर्बिणीचा आरसा गॅमा किरणांना, म्हणजे क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेच्या प्रकाशाला, अडवू शकत नाही आणि भिंग त्यांना वळवू शकत नाही. उपग्रहावरच्या उपकरणात शिरलेल्या किरणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (धन भाराचा त्याचा जुळा कण) यांची जोडी तयार होते आणि त्या जोडीच्या वाटेवरून किरण कुठून आला याचा अंदाज बांधावा लागतो. आपल्या आकाशगंगेतले कितीतरी गॅमा स्रोत अनोळखी राहिले, ते मुख्यतः या अंदाजाच्या ढोबळपणामुळे.

नोव्हेंबर १९७२ मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून नासाचा सॅस-२ उपग्रह सुटला. मिथुन राशीत, क्रॅब तेजोमेघापासून फार दूर नाही अशा जागी, त्याला एक ठळक स्रोत दिसला. तिथे ओळखीचे काहीच नव्हते. पुढे युरोपच्या कॉस-बी उपग्रहाच्या निरीक्षणांतून २५ स्रोतांची यादी निघाली. ओळख पटली जेमतेम चारांची. जागेतली अनिश्चितता सुमारे एक अंश, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढी. एवढ्या पट्ट्यातल्या असंख्य ताऱ्यांपैकी बोट कुणाकडे दाखवणार?

मिथुनेतल्या स्रोताला इटलीच्या जोव्हानी बिन्यामी यांनी ‘गेमिंगा’ हे नाव दिले. त्यात जेमिनी आणि गॅमा तर आहेतच, शिवाय मिलानच्या बोलीत ‘गे मिंगा’ म्हणजे ‘तिथे नाहीच’. असे नाव देऊनही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठलाग सोडला नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. १९८३ मध्ये आइन्स्टाइन उपग्रहाच्या क्ष-किरण निरीक्षणांतून एक संशयित पुढे आला. नंतर त्याच जागी प्रकाशाचा अतिशय अंधुक ठिपका मिळाला. निकाल लागला १९९२ मध्ये. रोसॅट उपग्रहाच्या क्ष-किरण नोंदींत दर ०.२३७ सेकंदाला पडणारा ठोका सापडला आणि कॉम्प्टन या अवकाश वेधशाळेवरच्या एग्रेट उपकरणाने टिपलेल्या गॅमा किरणांतही नेमका तोच निघाला. गेमिंगा हा स्पंदक होता, गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोट पावलेल्या मोठ्या ताऱ्याचा अतिघन गाभा. पण स्पंदक सहसा ज्यांवरून सापडतात त्या रेडिओ लहरींत जवळपास मुका, म्हणून इतकी वर्षे हाती लागला नव्हता.

तरी एग्रेटच्या १९९९ च्या यादीत २७१ पैकी १७० स्रोत बेनावच राहिले. २००८ मध्ये फर्मी उपग्रह गेला आणि त्याच वर्षी सीटीए-१ या अतिनवताऱ्याच्या (स्फोट पावलेल्या ताऱ्याच्या) अवशेषातला स्पंदक केवळ गॅमा किरणांतल्या ठोक्यावरून सापडला.

फर्मीच्या बेनाव स्रोतांवर मग जगभरच्या रेडिओ दुर्बिणी वळल्या. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटीही त्यात होती. तिने अशाच एका जागी जे १५४४+४९३७ हा स्पंदक शोधला. २.१६ मिलिसेकंदांत तो स्वतःभोवती एक फेरी घेतो, एका हलक्या जोडीदारासह २.९ तासांत कक्षा पुरी करतो, आणि त्या जोडीदाराच्या आड गेला की त्याच्या कमी वारंवारितेच्या रेडिओ लहरी काही काळ बुजून जातात.