पाठीतल्या पाण्याची मार्कर टेस्ट आणि आमची घाई

आमच्या फोंड्याच्या लॅबमध्ये ब्लड कॅन्सरच्या पेशंटची माणसं येतात तेव्हा एक प्रश्न हमखास येतो, की रक्ताचा रिपोर्ट तर सुधारलाय मग डॉक्टर परत पाठीतलं पाणी कशाला काढतायत. उभ्या उभ्या काउंटरवर ते नीट सांगता येत नाही म्हणून हे लिहितोय, घरी नेऊन सावकाश वाचा.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पाण्यासारखं स्वच्छ द्रव असतं, मोठ्या माणसात साधारण १५० मिली, यालाच आम्ही पाठीतलं पाणी म्हणतो. रक्तातून मेंदूकडे काय जाऊ द्यायचं यावर शरीराचा कडक पहारा असतो, त्यामुळे शिरेतून दिलेली बरीचशी केमोची औषधं तिथे पुरेशी पोचतच नाहीत, पण ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, पेशी मात्र शिरतात आणि लपून राहतात. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, म्हणजे एएलएलमध्ये, हे जास्त. म्हणूनच रक्त चांगलं दिसत असलं तरी पाठीतलं पाणी वेगळं तपासतात आणि बऱ्याचदा त्याच सुईतून मेथोट्रेक्सेटसारखं औषधही देतात.

पाठीत सुई घातली की माणूस लुळा होतो अशी भीती गावात अजून आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. नंतर डोकं दुखू शकतं, ते डॉक्टरांना सांगा. हे काम हॉस्पिटलमध्येच होतं, आम्ही फक्त सॅम्पल घेतो.

आता मार्कर. प्रत्येक पेशीच्या अंगावर वेगवेगळी प्रथिनं असतात, तीच मार्कर म्हणजे ओळखायच्या खुणा, त्यांना सीडी आणि पुढे नंबर अशी नावं आहेत, ही पद्धत १९८२ साली पॅरिसच्या बैठकीत ठरली. पणजी स्टँडवर कदंबच्या बसगाड्या लांबून सारख्याच दिसतात, पाटी वाचली की कळतं ही वाळपईची की काणकोणची, तसंच हे. बी आणि टी या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती, त्यात सीडी१९ बी पेशीची खूण, सीडी३ टी पेशीची, सीडी३४ कच्च्या पेशीची. पण सीडी१९ निरोगी बी पेशीवरही असतं आणि सीडी१० सुद्धा निरोगी कच्च्या बी पेशींवर दिसतं, त्यामुळे एका नावापुढे पॉझिटिव्ह दिसलं की घाबरू नका, चार-पाच खुणा एकत्र जुळवूनच निदान होतं. या खुणा फ्लो सायटोमेट्री नावाच्या तपासणीत वाचतात, त्यात पेशींना चमकणारे रंग लावून एकेक करून लेझरसमोरून सोडतात, म्हणून मायक्रोस्कोपखाली सुटलेल्या थोड्याशा पेशीही सापडू शकतात.

काही जण इंटरनेटवर वाचून विचारतात की अमुक मार्कर असला की कॅन्सर मेंदूत जातोच का. यावर खरंच सुंदर काम झालंय, २०१८ साली अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की एएलएलच्या पेशी अल्फा६ इंटेग्रिन नावाच्या प्रथिनाने रक्तवाहिनीच्या बाहेरच्या अंगाला धरून मणक्याच्या हाडातून थेट मज्जारज्जूच्या आवरणात जातात. पण हे संशोधन आहे, तुमच्या रिपोर्टमधल्या एका ओळीवरून पुढचं भविष्य कोणी सांगू नये, आम्ही तर नाहीच सांगत.

आणि आमची घाई. या पाण्यात पेशी मुळातच कमी, त्यात बाहेर काढल्यावर त्या फार लवकर मरतात, साध्या बाटलीत तासाभरात निम्म्याहून जास्त जाऊ शकतात. फ्लोचं मशीन आमच्याकडे नाही, सॅम्पल मोठ्या लॅबला जातं, म्हणून पेशी टिकवणारं रसायन घातलेली ट्यूब आम्ही आधी देतो. एकदा जुलैच्या पावसात साध्या बाटलीतलं सॅम्पल आम्ही घेतलं, गाडी झुवारी पुलाच्या अलीकडे अडकली आणि रिपोर्ट आला की पेशी वाचण्यासारख्या नाहीत. सहा वर्षांच्या पोराला परत सुई टोचावी लागली, त्याच्या आईचा हात त्याच्या पाठीवरून हलत नव्हता. तेव्हापासून साध्या बाटलीत आम्ही घेतच नाही, कितीही ओळखीचं कोण असलं तरी.

म्हणून आदल्या दिवशीच आमच्याकडून ट्यूब घेऊन जा आणि वॉर्डच्या सिस्टरकडे द्या. ट्यूब फ्रीजरमध्ये नको, बर्फात नको. पाणी तांबूस आलं तर फॉर्मवर लिहायला सांगा, सुईने रक्त मिसळलं असेल तर रक्तातल्याच पेशी पाण्यातल्या वाटू शकतात.

अजून एक, निदानाच्या वेळचा मार्करचा पहिला रिपोर्ट, तो बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलचा असो की मुंबईचा, झेरॉक्स काढून बरोबर आणा. त्या पेशींवर तेव्हा ज्या खुणा होत्या त्याच आधी पाण्यात शोधतात, आणि तो कागद नसला की तपासणाऱ्याला अंधारात शोधावं लागतं.