हत्ती मारला, की मेलेला सापडला?

काश्मीरमधलं पांपोर केशरासाठी प्रसिद्ध आहे. तिथली केशराची शेतं करेवावर आहेत. करेवा म्हणजे जुन्या सरोवरांच्या तळाशी साचलेल्या गाळाची पठारं. २००० साली पांपोरजवळ याच गाळात जम्मू विद्यापीठाच्या गुलाम भट यांच्या चमूला किमान तीन महाकाय हत्तींचे अवशेष सापडले आणि त्यांच्यासोबत ८७ दगडी हत्यारं. त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध व्हायला मात्र २०२४ उजाडलं.

हा हत्ती पॅलिओलोक्सोडॉन या नामशेष कुळातला. आजच्या आफ्रिकी हत्तीच्या दुपटीहून अधिक वजनाचा. याच कुळातल्या एका जातीला नर्मदेवरून नाव मिळालं आहे आणि तिचे अवशेष आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात नांदूरमधमेश्वरजवळच्या गोदावरीच्या गाळातही मिळाले आहेत. पांपोरचा हत्ती मात्र तुर्कमेनिस्तानात प्रथम सापडलेल्या, फारच दुर्मिळ अशा जातीचा असल्याचं कवटीवरून ठरलं. काळ सुमारे तीन ते चार लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा तिथे वावरणारा माणूस बहुधा आपल्या जातीचा नव्हता, आपला कुणी लांबचा भाऊबंद असणार.

आता हाडं आणि हत्यारं शेजारी सापडली, म्हणून माणसाने हत्ती खाल्ला असं लगेच म्हणता येत नाही. पुराच्या पाण्याने दोन ठिकाणच्या वस्तू एकाच जागी आणून टाकणं ही नदीनाल्यांची नेहमीचीच करणी. म्हणून पुरावा हाडावरच शोधावा लागतो. ताज्या हाडावर दगडाचा घाव बसला की आघाताच्या जागेपासून त्याचे कपचे उडतात, अगदी दगडाचे उडतात तसे. वाळलेलं, जुनं हाड असं फुटत नाही. ते खडबडीत, वेडंवाकडं तुटतं. पांपोरला हत्तीच्या हाडाचे असे कपचे मिळाले. कुणीतरी आतल्या मज्जेसाठी हाडं फोडली होती. मज्जा म्हणजे जवळजवळ निव्वळ चरबी, आणि थंड प्रदेशात भटकणाऱ्याला त्याहून मोलाचं काय असणार?

हत्यारांचा दगडही बोलका आहे. तो बेसाल्ट आहे आणि त्या जागेच्या आसपास मिळत नाही. म्हणजे माणसांनी तो दुसरीकडून वाहून आणला आणि हत्तीपाशी बसून घडवला. भारतीय उपखंडात प्राणी कापून खाल्ल्याचा याआधीचा पुरावा दहा हजार वर्षांच्या आतला होता. एका झेपेत तो तीन लाखांच्या पलीकडे गेला.

पण शिकारीचं काय? तिचा पुरावा पांपोरला नाही. उलट सगळ्यात चांगल्या अवस्थेतली जी कवटी आहे, ती एका प्रौढ नराची आणि तिच्या आत हाडाची विचित्र वाढ झालेली. बहुधा हत्तीला सायनसचा जुनाट त्रास होता. एवढ्या मोठ्या नाकाच्या प्राण्याला सायनस म्हणजे काय हाल झाले असतील! तो त्यानेच मेला, की चिखलात रुतला, हे ठरवता येत नाही. अभ्यासकांनी इथे ‘शिकारी’ हा शब्द वापरायचा मोह टाळला, हे मला या कामातलं सगळ्यात आवडलेलं.

कारण घाई केली की काय होतं याचं उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. सॅन डिएगोजवळ १९९२ साली रस्त्याच्या कामात मॅस्टोडॉन या हत्तीसदृश प्राण्याची फुटलेली हाडं मिळाली. ती माणसाने १,३०,००० वर्षांपूर्वी फोडली, असा दावा २०१७ मध्ये झाला. खरं असतं तर अमेरिकेतल्या माणसाचा इतिहास लाखभर वर्षांनी मागे गेला असता. पण रस्त्याच्या कामातली अवजड यंत्रं वरून गेली तरी गाडलेली हाडं अशीच फुटू शकतात, असं इतर तज्ज्ञांनी दाखवून दिलं. बहुतेकांना तो दावा आजही पटलेला नाही.

नि:संशय शिकार कशी दिसते? जर्मनीत लेरिंगन इथे १९४८ साली पांपोरच्याच कुळातल्या हत्तीच्या बरगड्यांमध्ये लाकडी भाला सापडला. नोयमार्क-नॉर्ड या जर्मनीतल्याच दुसऱ्या ठिकाणच्या तीन हजारांवर हाडांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ती सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीची आहेत, त्यांच्यावर मांस कापल्याचे ओरखडे आहेत आणि मेलेल्यांत भरणा प्रौढ नरांचा आहे. नैसर्गिक मृत्यूंमध्ये पिल्लं आणि म्हातारे जास्त असायला हवेत. प्रौढ नर कळपापासून वेगळे, एकटे राहतात. हे निअँडरथल माणसांनी नेमकं हेरलेलं दिसतं.

तरीही माझ्या मते सगळ्यात थेट साक्ष अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली आहे. १९७७ साली सीक्विम गावाजवळ इमॅन्युएल मॅनिस आपल्या जमिनीत तळं खणत असताना मॅस्टोडॉन निघाला. त्याच्या बरगडीत एक टोकदार तुकडा रुतलेला होता. तो शस्त्राचा की त्याच्याच हाडाची कपची, यावर अनेक वर्षं वाद झाला. २०११ मध्ये सीटी स्कॅन, डीएनए आणि प्रथिनांच्या तपासणीतून उत्तर मिळालं: ते घासून अणकुचीदार केलेलं टोक होतं, वय सुमारे १३,८०० वर्षं. आणि ते बनवलं होतं मॅस्टोडॉनच्याच हाडापासून. म्हणजे या शिकाऱ्यांच्या हाती त्याआधी दुसऱ्या एखाद्या मॅस्टोडॉनची हाडं आलेली होती. तो त्यांनी मारला होता, की त्यांना मेलेला सापडला होता, हे त्या टोकावरून कळत नाही.