जावा ॲपमध्ये हलता नकाशा आला कुठून
आता गावातलं पोरगंही जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्प्रिंग बूट या तयार चौकटीत ॲप बनवतं, पेजवर लीफलेट ही नकाशा दाखवणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडतं आणि आपलं वावर बोटाने सरकवून दाखवतं. त्याच्या मागे तीसेक वर्षांची खटपट आहे, ती माहीत असली तर कुठलं काम जावाकडे द्यायचं आणि कुठलं ब्राउझरकडे हे लवकर कळतं.

मोजणीचा इतिहास तर आपल्या दारातलाच. 1802 ला मद्रासकडून सुरू झालेला त्रिकोणमितीय सर्व्हे उत्तरेकडे नेणारा विल्यम लॅम्ब्टन 1823 ला हिंगणघाटला वारला, कबरही तिथेच आहे, आणि वर्धेच्या किती पोरांना हे सांगितलं जातं कोण जाणे.

वेबवरचा नकाशा आला 1993 ला, झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) या संशोधन केंद्रात. क्लिक केलं की सर्व्हर नवीन चित्र काढून अख्खं पेज परत पाठवायचा. मग जावाचे ॲपलेट, म्हणजे पेजमध्येच चालणारे छोटे प्रोग्राम आले, ब्राउझरमध्येच नकाशा चालायचा, 1996 ला इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात जिओटूल्स ही जावातली नकाशाची लायब्ररी सुरू झाली ते याच काळात. पण ॲपलेटला प्लगइन (ब्राउझरला वेगळा जोडायचा भाग) लागायचं, डाउनलोड जड, पुढे ब्राउझरनेच दार लावलं.

खरा फरक पडला फेब्रुवारी 2005 ला, गुगल मॅप्स आलं तेव्हा. नकाशाचे 256 बाय 256 पिक्सेलचे तुकडे आधीच करून ठेवायचे आणि स्क्रीनवर दिसतात तेवढेच मागवायचे. झूम एक पायरी वाढला की तुकडे चौपट. आपल्या अक्षांशावर झूम 18 ला एक तुकडा साधारण 143 मीटरचा पडतो, म्हणजे पाच एकराचं चौकोनी वावर जवळपास एका तुकड्यात बसतं! नेटवर्क कमजोर असलेल्या गावात ही युक्ती फार मोलाची आहे, कारण एखादा तुकडा अडकला तरी बाकीचा नकाशा दिसत राहतो.

2004 ला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवायचा मोफत नकाशा सुरू झाला होताच, 2006 ला ओपनलेयर्स ही ब्राउझरमध्ये नकाशा दाखवणारी लायब्ररी आणि 2011 ला युक्रेनच्या व्लादिमिर आगाफोनकिनचं हलकंफुलकं लीफलेट आलं. 2018 ला गुगलने बिलिंग खातं सक्तीचं केलं तेव्हा बऱ्याच छोट्या प्रोजेक्टवाल्यांनी हाच मोफत रस्ता धरला.

मग जावा गेलं कुठे, तर मागे सर्व्हरवर, आणि माझ्या मते ते तिथेच शोभतं. नकाशाचा डेटा वेबवर पुरवणारा 2001 चा जिओसर्व्हर जावातच लिहिलेला आहे, आणि दोन गटांचा धुरा एकमेकाला लागतो का, पांदण रस्ता कुठल्या वावरातून जातो असली भूमिती जेटीएस ही जावाची लायब्ररी करते, तिचं नाव फारसं कोणी घेत नाही पण अर्ध्या जगाचे नकाशे तिच्यावर उभे आहेत असं म्हटलं तरी चालेल. सर्व्हर आणि ब्राउझरमधली देवाणघेवाण जिओजेसन या नकाशाचा डेटा लिहायच्या पद्धतीत. त्यात रेखांश आधी आणि लीफलेटमध्ये अक्षांश आधी, त्यामुळे आकडे उलटे पडले की हिंगणघाट (20.55, 78.84) थेट आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला जाऊन बसतं. नकाशा कोरा दिसला तर पहिले हेच बघा.

फेब्रुवारी 2021 पासून भारतीय कंपन्या-संस्थांना नकाशाचा डेटा गोळा करायला आधी परवानगी काढावी लागत नाही, त्यामुळे शिवाराचं काम बिनधास्त करता येतं. फक्त मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक राहतो, धुऱ्याचं भांडण असेल तर तिथे भूमी अभिलेखची मोजणीच चालते, ॲपवर तशी सूचना ठळक टाका.